कास्टिंगचं स्कॅन कॅडवर आपोआप बसवायचं आहे: बेस्ट फिट हिरवागार, तरी कव्हरचा फेस एका कोपऱ्यात काळा राहतो

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. वडिलांच्या काळात लेथ आणि रेडियल ड्रिल होतं, आता व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन आहेत. शिरोलीकडून ग्रे आयर्नची कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो.

प्रश्न एका गिअरबॉक्स हाउसिंगचा आहे. लांबी साधारण ६०० मिलिमीटर. खाली चार छोटे पाय, वर कव्हर बसायचा रुंद फेस, दोन्ही टोकांना बेअरिंगची बोअर, एका टोकाला वरच्या अंगाला मोटर बसवायचा फेस. बाजूला ऑइल लेव्हल आणि ड्रेन प्लगचे बॉस, म्हणजे छोटे उंचवटे. बाकी आकार डावी-उजवीकडे जवळपास सारखाच.

आजवर मार्किंग आमचे मामा करतात. सरफेस प्लेटवर तीन जॅक, त्यावर जॉब, चुना फासायचा, हाइट गेजने सेंटर लाइन ओढायची. मग सगळ्या फेसवर किती मटेरिअल मिळतंय ते बघायचं. एका बाजूला ५ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला १ असेल तर जॅक फिरवून वाटून घ्यायचं. त्यांनी मार्किंग केलेला जॉब मशीनवर कधी फसत नाही. मामा दिवाळीनंतर थांबणार आहेत, आणि ही नजर असलेला दुसरा माणूस आमच्याकडे नाही. म्हणून हे काम कॅमेऱ्याने आणि कॉम्प्युटरने व्हावं असं फार मनापासून वाटतं.

भाड्याने स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनर आणला. कच्चं कास्टिंग मळकट असल्यामुळे पावडर न मारताच छान स्कॅन झालं. गिऱ्हाइकाचं कॅड मॉडेल आहे. क्लाउडकम्पेअर या स्कॅन जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने चार बिंदू दाखवून जुळवलं आणि नंतर ओपन-थ्रीडी या लायब्ररीत पायथॉनवर आपोआप करून बघितलं. दोन अडचणी आहेत.

पहिली: काही जॉब १८० अंशांत उलटे बसतात, डावं टोक उजवीकडे. फिटनेसचा, म्हणजे किती बिंदू मॉडेलला जुळले त्याचा, आकडा मात्र चांगला दिसतो.

दुसरी जास्त गंभीर: जॉब सरळ बसला, रंगांचा नकाशा जवळपास सगळा हिरवा (म्हणजे स्कॅन आणि मॉडेलमधला फरक मर्यादेत), तरी त्या हिशोबाने मशीनवर लावला की कव्हरचा फेस मोटरच्या विरुद्ध टोकाला एका कोपऱ्यात काळा राहतो, म्हणजे कटरला मटेरिअलच मिळत नाही. तोच जॉब मामांनी पुन्हा मार्क केला आणि व्यवस्थित निघाला. म्हणजे कास्टिंग चांगलं होतं. मग कॉम्प्युटर नेमकं काय चुकवतोय?

मापं_भोसरी

मी तपासणीच्या कामात आहे, सीएमएम (प्रोब टेकवून मापं घेणारं यंत्र) आणि स्कॅनर दोन्हीवर. तुमच्या पहिल्या अडचणीबद्दल लिहितो.

तुम्ही जे शेवटचं बारीक जुळवणं वापरताय ते आयसीपी. १९९२ मध्ये बेसल आणि मॅके या दोघांनी ते मांडलं, आणि ते जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करत होते. फिक्स्चरमध्ये न पकडलेला जॉब मोजायचा आणि तपासणीआधी तो आदर्श मॉडेलवर बसवायचा, हा उपयोग त्यांनी स्वतःच सांगितला होता. म्हणजे तुमचाच प्रश्न. पद्धत साधी आहे: स्कॅनच्या प्रत्येक बिंदूला मॉडेलवरचा सगळ्यात जवळचा बिंदू जोडायचा, त्या जोड्यांमधलं अंतर कमीत कमी होईल असं एक फिरवणं-सरकवणं काढायचं, ते लावायचं, पुन्हा जवळचे बिंदू शोधायचे. असं थांबेपर्यंत. प्रत्येक फेरीत चूक कमीच होते, हे सिद्ध झालेलं आहे. पण ती कुठे जाऊन थांबेल ते सुरुवातीच्या स्थितीवर ठरतं. सुरुवात उलटी असेल तर आयसीपी उलट्याच जागी नीट बसवून देतं.

म्हणून आधी ढोबळ जुळवणं लागतं. ओपन-थ्रीडीत त्यासाठी एफपीएफएच आहे, २००९ चं काम. प्रत्येक बिंदूभोवतीच्या पृष्ठभागाची वळणं ३३ आकड्यांत लिहून ठेवायची आणि दोन्हीकडचे सारखे आकडे जुळवायचे. त्यातल्या खोट्या जोड्या रॅनसॅकने गाळायच्या, म्हणजे थोड्या जोड्या सहज उचलून त्यांच्याशी बाकीच्या किती पटतात ते पुन्हा पुन्हा बघायचं. ही कल्पना १९८१ ची आणि अजून तितकीच उपयोगी. बिंदू विरळ करताना ३ मिलिमीटरचा व्हॉक्सेल (छोटा घन) घेतला असेल तर नॉर्मलसाठी (पृष्ठभागाला काटकोनातली दिशा) त्याच्या दुप्पट आणि एफपीएफएचसाठी पाचपट त्रिज्या, हे सुरुवातीला ठीक चालतं. नॉर्मल सगळे बाहेरच्या दिशेला वळलेले आहेत ना हे नक्की बघा. निम्मे आत आणि निम्मे बाहेर असतील तर त्या ३३ आकड्यांना अर्थ राहत नाही.

आता तुमचं हाउसिंग. ते जवळपास सममित आहे. सरळ आणि उलट यांत फरक करणारे अवयव म्हणजे मोटरचा फेस आणि ते दोन बॉस. एकूण बिंदूंत त्यांचा वाटा इतका लहान की फिटनेस फारसा हलत नाही. म्हणून संपूर्ण जॉबच्या आकड्यावर निर्णय सोडू नका. ढोबळ स्थिती मिळाली की तिची १८० अंश फिरवलेली प्रतही तयार करा, दोन्हींवर आयसीपी चालवा, आणि निवड फक्त त्या बॉसच्या आसपासच्या बिंदूंवर करा. मॉडेलवर जिथे बॉस आहे तिथे स्कॅनमध्ये धातू आहे का, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर स्वच्छ हो किंवा नाही येतं.

आणि आयसीपी बिंदू-ते-प्रतल प्रकारचं घ्या. चेन आणि मेडिओनी यांनी ते त्याच सुमारास मांडलं होतं. तुमच्या जॉबवर सपाट फेस भरपूर आहेत. या प्रकारात सपाट पृष्ठभागावर बिंदू घसरत जाऊन जागेवर येऊ शकतात, त्यामुळे कमी फेऱ्यांत काम होतं.

दुसऱ्या अडचणीबद्दल माझा अंदाज आहे, पण इथे ऋजुरेषाताई आहेत, त्यांनी याच विषयावर काम केलंय. त्यांनी सांगितलेलं बरं.

उद्यमनगरकर

साहेब, फार आभार. बॉसवरून निवड करायचं लगेच लिहून बघितलं. आधी जी स्कॅन उलटी बसायची ती आता सरळ बसतायत. नॉर्मलही खरोखर मिसळलेले होते.

काळ्या कोपऱ्याचं मात्र तसंच आहे. ताई, वाट बघतोय. एक माहिती देतो: माझ्याकडे जे कॅड आहे ते तयार जॉबचं आहे, मशिनिंग झाल्यानंतरचं. कच्च्या कास्टिंगचं मॉडेल गिऱ्हाइकाने दिलेलं नाही. मशिनिंगच्या फेसवर सगळीकडे ४ मिलिमीटर अलाउन्स, म्हणजे कापायला ठेवलेलं जादा मटेरिअल आहे.

ऋजुरेषा

ही शेवटची माहिती दिलीत ते फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या स्कॅनमध्ये कव्हरचा फेस ४ मिलिमीटर वर आहे, पाय ४ मिलिमीटर खाली आहेत आणि मोटरचा फेस ४ मिलिमीटर बाहेर आहे. मॉडेलमध्ये हे मटेरिअल नाही. आयसीपीला हा फरक चूकच वाटतो आणि तो ती कमी करायला निघतो. कव्हरचा फेस रुंद, त्यावर बिंदू खूप, पाय छोटे, त्यांवर बिंदू कमी. त्यामुळे ओढ खालच्या दिशेला जास्त लागते आणि स्कॅन खाली सरकतं. म्हणजे कव्हरवरचं मटेरिअल कागदावर कमी होतं. मोटरचा फेस वरच्या अंगाला आहे, तिथली ओढ आतल्या दिशेला. वरून आत ढकललं की जॉब थोडा कलतो: मोटरचं टोक वर जातं आणि विरुद्ध टोक खाली. तुमचा काळा कोपरा नेमका मोटरच्या विरुद्ध टोकाला आहे. मला यात योगायोग वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम: जुळवताना मशिनिंगचे फेस वगळा. कॅडमध्ये ते निवडून वेगळे काढा आणि फक्त जे पृष्ठभाग शेवटपर्यंत कच्चे राहणार आहेत त्यांच्यावर आयसीपी चालवा. बाहेरच्या भिंती, रिब, बॉसच्या कडा. स्कॅनमधून तेवढाच भाग आपोआप गाळायला दोन टप्पे करा, आधी सगळ्यावर ढोबळ आणि मग त्या स्थितीत ज्या बिंदूंचा जवळचा शेजारी मशिनिंगच्या फेसवर पडतो ते बाजूला.

एवढ्याने पुष्कळ सुधारेल, पण माझ्या मते हे पुरेसं नाही, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. बेस्ट फिट म्हणजे सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज लहानात लहान. तो सरासरीचा हिशोब आहे. कास्टिंगमध्ये सरासरीला काही किंमत नाही. ९९ टक्के पृष्ठभागावर ४ मिलिमीटर मटेरिअल असून एका कोपऱ्यात शून्य असेल तर जॉब गेला. मामा सरासरी काढत नाहीत. ते सगळ्यात वाईट जागा शोधतात आणि तिथे मटेरिअल वाढेल असा जॅक फिरवतात, दुसरी कुठली जागा तिच्याइतकी वाईट होईपर्यंत. हा गणितातला एक नेमका प्रश्न आहे आणि तो कॉम्प्युटरला अगदी सरळ सोडवता येतो.

असं करा. मशिनिंगच्या प्रत्येक फेसवर आणि प्रत्येक बोअरमध्ये थोडे थोडे बिंदू पेरा, सगळे मिळून हजारेक पुरेत. प्रत्येक बिंदूपासून फेसच्या नॉर्मलच्या दिशेने स्कॅनपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. तेच तिथलं मटेरिअल. आता जॉब किंचित हलवायचा आहे: तीन सरकवणी, तीन फिरवणी, एकूण सहा अज्ञात संख्या. कोन लहान असताना प्रत्येक बिंदूवरचं मटेरिअल या सहा संख्यांच्या सरळ प्रमाणात बदलतं. अर्ध्या अंशापर्यंत ६०० मिलिमीटरवर ही सूट घेतल्याने चूक येते ती ०.०२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कास्टिंगच्या हिशोबात काहीच नाही. मग सातवी संख्या घ्या, सगळ्या बिंदूंवरच्या मटेरिअलपैकी सगळ्यात लहान, आणि तीच जास्तीत जास्त करा. हे लिनिअर प्रोग्रॅमिंग झालं. पायथॉनच्या सायपायमधलं लिनप्रोग हजार अटींचा असा प्रश्न डोळ्याची पापणी लवेपर्यंत सोडवतं.

त्यात आणखी अटी घालता येतात आणि घालायलाच हव्यात. बोअर मध्ये आणण्याच्या नादात बाहेरची भिंत एका बाजूला पातळ होता कामा नये. म्हणून भिंतीच्या कमीत कमी जाडीची अट घाला. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर कच्च्या पृष्ठभागापासून मशिन केलेल्या फेसपर्यंतची मापं असतील तर त्यांचा टॉलरन्स हीसुद्धा अट. कास्टिंगच्या मापांचा टॉलरन्स आणि अलाउन्स यांच्या श्रेणी आयएसओ ८०६२ मध्ये आहेत, ड्रॉइंगवर बहुधा त्यातली एखादी लिहिलेली सापडेल.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे. उत्तर आलं की सगळ्यात कमी मटेरिअल ०.४ मिलिमीटर आहे, तर तुम्हाला मशीनवर चढवायच्या आधीच कळतं की हा जॉब धोक्याचा आहे. उत्तर उणे आलं तर कसंही लावलं तरी तो निघणार नाही. मग तो सरळ परत पाठवायचा. कव्हर फेस मारून, बोअर काढून, कित्येक तास मशीन गुंतवून शेवटच्या फेसवर जॉब रिजेक्ट होतो, ते नुकसान लहान शॉपला झेपत नाही. हे थांबवण्यासाठीच मला हा विषय इतका महत्त्वाचा वाटतो.

पॅटर्नवाला_इचलकरंजी

मी लाकडी आणि अॅल्युमिनियम पॅटर्न बनवतो, आयुष्य त्यातच गेलं. गणितातलं ताई सांगतील, मी फाउंड्रीच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे कोअर. हाउसिंगचा आतला पोकळ भाग कोअरने, म्हणजे मोल्डमध्ये ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने येतो आणि बाहेरचा मोल्डने. दोन्ही वेगळे. कोअर त्याच्या प्रिंटमध्ये, म्हणजे मोल्डमधल्या बसायच्या खोबणीत, ढिला असला, किंवा धातू ओतताना उचलला गेला, की आतला आकार बाहेरच्या आकाराच्या मानाने सरकतो. अशा जॉबला कसंही फिरवा, आत आणि बाहेर दोन्ही एकाच वेळी मॉडेलवर बसणार नाही. तसंच पार्टिंग लाइनवर, म्हणजे मोल्डच्या दोन पेट्या मिळतात तिथे, वरची पेटी खालच्या पेटीवर सरकली असेल तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा जुळत नाही. तुमचा कॉम्प्युटर दोन्हींच्या मधोमध कुठेतरी बसवेल आणि चूक सगळीकडे थोडी थोडी पसरवेल. रंग हिरवाच दिसेल आणि दोष लपेल.

माझ्या मते आतला भाग वेगळा बसवा, बाहेरचा वेगळा. दोन उत्तरांत जो फरक येईल तोच कोअरचा शिफ्ट, आणि तो कुठल्या दिशेला किती ते मिलिमीटरमध्ये मिळेल. हा आकडा फाउंड्रीला पाठवा. "जॉब खराब आला" असं फोनवर सांगितलं तर वाद होतो. "कोअर मोटरच्या दिशेला २ मिलिमीटर सरकतोय आणि प्रत्येक जॉबमध्ये त्याच दिशेला" असं सांगितलं की कोअर प्रिंट बघून पॅटर्न दुरुस्त करता येतो. चांगली फाउंड्री हे ऐकून घेते.

दुसरी गोष्ट स्केलची. क्लाउडकम्पेअरमध्ये जुळवताना स्केल बदलू द्यायची खूण असते. ती कधीही टाकू नका. ग्रे आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, त्या मानाने आम्ही पॅटर्न मोठा करतो. पण जिथे कोअर अडवतो तिथे धातू मोकळेपणी आकसत नाही, आणि लांबीत आणि रुंदीत आकसणं वेगळं येतं. ६०० मिलिमीटरला पाव टक्क्याचा फरक म्हणजे दीड मिलिमीटर. ती खूण टाकली की कॉम्प्युटर अख्खं स्कॅन ताणून किंवा दाबून मॉडेलवर बसवतो आणि हा दीड मिलिमीटर नाहीसा होतो. पण तो कास्टिंगमधून गेलेला नसतो.

आणि ड्रॉइंगवर डेटम टार्गेट, म्हणजे जॉब जिथे टेकवून मापं धरायची ते ठरलेले बिंदू, दिलेत का ते बघा. नसतील तर गिऱ्हाइकाशी आणि फाउंड्रीशी बसून ठरवून घ्या. खाली तीन, बाजूला दोन, टोकाला एक. शक्यतो सगळे पार्टिंग लाइनच्या एकाच बाजूला.

उद्यमनगरकर

काका, आतलं-बाहेरचं वेगळं बसवायचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे मामांनाही हे सांगितलं, ते म्हणाले की बोअरची सेंटर लाइन ओढताना ते आधी आतली भिंत बघतात आणि मगच बाहेरची. म्हणजे तेही दोन्ही वेगळं बघत होते.

ताई, मशिनिंगचे फेस वगळून आणि तुम्ही सांगितलेल्या रीतीने केलं. अडलेल्या जॉबच्या स्कॅनवर कव्हरच्या त्या कोपऱ्यात आता मटेरिअल दिसतंय, आणि सगळ्यात कमी जागा पायावर आली.

आता शेवटचा प्रश्न. कॉम्प्युटरने सहा आकडे दिले. ते मशीनवर न्यायचे कसे? आमचं व्हीएमसी तीन अक्षांचं आहे, जॉबला टेकून जागा घेणारा टच प्रोब नाही.

ऋजुरेषा

छान झालं. पायावर कमी येणं साहजिक आहे, जॉब वर सरकला की कव्हरवर वाढतं तेवढं पायावर कमी होतं.

मशीनवर न्यायला स्कॅन आणि मशीन यांना बांधणारी एखादी गोष्ट लागते. एक जाड फिक्स्चर प्लेट घ्या, तिला जिग बोअर करून तीन-चार रीम केलेली बुश बसवा, कोपऱ्यांकडे, शक्य तितकी लांब लांब. त्यांची एकमेकांतली अंतरं एकदा सीएमएमवर मोजून ठेवा. जॉब त्या प्लेटवर जॅकसकट पकडा आणि प्लेटसकट स्कॅन करा. बुशची वर्तुळं आणि प्लेटचा वरचा फेस स्कॅनमधून काढता येतात, म्हणजे जॉब प्लेटच्या मानाने कुठे आहे ते कळतं. प्लेट मशीनवर चढवली की दोन बुशना डायल लावून सेंटर घ्या, फेसवर डायल फिरवून उंची घ्या. तिसरं बुश पडताळणीसाठी. मापं जुळली नाहीत तर कुठेतरी कचरा अडकलाय असं समजा आणि पुढे जाऊ नका. बुश आणि प्लेट चकचकीत असतात, त्यांवर स्कॅनर आंधळा होतो. डाय पेनिट्रंट तपासणीचा पांढरा डेव्हलपर स्प्रे तुमच्या शॉपमध्ये असेलच, त्याचा पातळ हात मारा.

आता सहा आकडे. तीन अक्षांच्या मशीनवर एक्स, वाय सरकवणं जी५४ मध्ये, म्हणजे जॉबच्या शून्यबिंदूत जातं. झेडभोवतीचं फिरवणं जी६८ मध्ये जातं. उरले तीन, दोन कल आणि उंची. कल अशा मशीनच्या कंट्रोलला जमत नाहीत; उंची जी५४ च्या झेडमध्येही घेता येते, पण जॅक फिरवताना तीही जमून जाते. म्हणून हे तिन्ही जॅकवर घ्या. तीन जॅक, तीन संख्या, बरोबर पुरतात. प्रत्येक जॅकच्या जागेवर जॉब किती वर-खाली व्हायला हवा ते त्याच उत्तरातून निघतं. समजा कल ०.२ अंश आहे आणि जॅकमधलं अंतर ४५० मिलिमीटर, तर एका टोकाचा जॅक १.५७ मिलिमीटर वर जायला हवा. जॅकच्या स्क्रूचा पिच २ मिलिमीटर असेल तर पाऊण फेऱ्याहून किंचित जास्त. ऑपरेटरच्या स्क्रीनवर मिलिमीटरसोबत हे फेरेही दाखवा, तो मान खाली घालून जॅक फिरवत असतो.

जॅक फिरवल्यावर पुन्हा स्कॅन करा. जॉब घट्ट आवळताना हलतो, म्हणून हे दुसरं स्कॅन क्लॅम्प आवळल्यानंतरचं असू द्या. कल जवळपास शून्य आला की जी५४ आणि जी६८ चे आकडे या दुसऱ्या स्कॅनवरून घ्या, पहिल्यावरून नाही.

आणि एक विनंती. मामा आहेत तोवर प्रत्येक जॉब त्यांनीही मार्क करू द्या आणि त्यांच्या लाइन पुसायच्या आधी जॉब स्कॅन करा. ओरखडलेली लाइन आणि पंचचे ठिपके रंगीत स्कॅनमध्ये उमटतात. त्यांचा फेस कुठे आणि कॉम्प्युटरचा कुठे हे शेजारी शेजारी मांडता येईल. जिथे दोघांत अर्धा मिलिमीटरहून जास्त फरक दिसेल तिथे त्यांना विचारा की असं का घेतलं. ते जे सांगतील ती बहुधा आपण घालायची राहिलेली एखादी अट असेल, आणि ती लिनप्रोगमध्ये एका ओळीत बसेल.